मागे म्हटलं, आगे ऐकू आलं

तुमच्या गावच्या हॉकी संघात बॅकला कोण खेळतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

गोल करणारी आठवत असेल. तिचा फोटो पेपरात आला असेल, तिच्या गळ्यात कुणीतरी हार घातला असेल. पण त्याच सामन्यात जिनं आपल्या गोलासमोर चार वेळा स्टिक जमिनीला टेकवून समोरचीला वाटच दिली नाही, ती उद्या भाजीच्या गाडीपाशी तुमच्या शेजारी उभी राहिली तर ओळखाल? नाही ओळखणार. तुम्हाला दोष देत नाही. मीही ओळखलं नसतं. मी सेंटर फॉरवर्ड होते आणि सेंटर फॉरवर्डला पाठीमागचं जग दिसत नाही.

या लिखाणात मी कुणाचंही नाव घेणार नाही. ते आमच्या हॉकीच्या बाईंचं म्हणणं आहे. "घालायची तर अकराच्या अकरा नावं घाल, नाहीतर एकही नको," असं त्या म्हणाल्या. अकरा नावं घातली तर तुम्ही गोंधळाल, म्हणून एकही नाही.

मी देवासला, टेकडीच्या पायथ्याशी एका गल्लीत वाढले. बाबा छापखान्यात कामाला होते. छपाईत बिघडलेली पत्रकं ते घरी आणायचे, पिवळी, गुलाबी, पातळ कागदाची, एका बाजूनं छापलेली. कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. नळाला पाणी, कारखान्यातला बोनस, मुलींच्या शाळेला संडास. माझ्या वयाच्या मुली परीकथा वाचत होत्या तेव्हा मी मागण्या वाचत होते. आमच्याकडे मध्य प्रदेशात शाळा हिंदी, त्यामुळे मराठी अक्षरं मी आमच्या मराठी मंडळाच्या पत्रकांवरच गिरवली. माझ्या बरोबरीच्या मराठी मुली मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. मी अडखळत नाही, याचा मला गर्व होता. तो कुठे आपटला ते पुढे येईलच.

बाबा प्रूफ तपासताना बोटानं एकेक शब्द दाबत जायचे. म्हणायचे, "पत्रकात एक शब्द चुकला की तो हजार वेळा चुकतो."

आमच्या हॉकीच्या बाई सरकारी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊनही मैदान सोडलं नाही. घरी त्यांना भाचरं अजून आत्याबाई म्हणतात. मैदानावर मराठी मुली बाई म्हणायच्या आणि माळवी बोलणाऱ्या मुली त्याच हाकेत बई म्हणायच्या, म्हणजे आई. त्या दोन्हींना ओ द्यायच्या. गुडघे गेलेले, तरी सामना उभ्यानं बघायच्या, आणि तोही बाजूला बसून नाही. आमच्या गोलाच्या मागे उभ्या राहून. पाहुणे त्यांना मंडपात खुर्ची द्यायचे तेव्हा म्हणायच्या, "तिथून खेळ दिसतो. संघ इथून दिसतो."

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचावफळीतल्या चौघींपैकी तिघी गेल्या. एकीचं लग्न झालं, हाटपिपल्याला. एकीला भोपाळला नोकरी लागली. तिसरीला मोठ्या शहरात खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळाली. तिघींचंही भलंच झालं आणि तिघींनाही आम्ही मैदानावर रिंगण करून टाळ्या वाजवत निरोप दिला. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उभ्या राहिलो आणि कळलं की गोलकीपरच्या पुढे एकच मुलगी उरली आहे, उजव्या कडेला. बाकी नुसतं गवत.

त्याच आठवड्यात मैदानाच्या समितीचं पत्र आलं. आदल्या वर्षी धारच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात सात गोल खाऊन आलो होतो. संध्याकाळचे दोन तास आमच्याकडे होते आणि ते क्रिकेटच्या क्लासला हवे होते. पत्रात लिहिलं होतं की यंदा धारला पहिल्या सामन्यात हार झाली, तर ते दोन तास क्रिकेटला दिले जातील. सकाळी आम्हाला मैदान मिळेल, असंही होतं. सकाळी! आमच्यातल्या निम्म्या मुली सकाळी कामावर जातात, उरलेल्या कॉलेजात. संध्याकाळ गेली की संघ गेला. पत्र वाचून बाईंनी ते चार घड्या करून शिट्टीच्या पिशवीत ठेवलं आणि आम्हाला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या.

तिसऱ्या दिवशी हार्डवेअरचं दुकान असलेले एक काका स्कूटरवरून आले. माणूस चांगला, दरवर्षी मोजे घेऊन देणारा.

"बाई, काळजी करू नका. तीन पोरी मागवतो. तयार, एकदम टनाटन. दोन दिवस येतील, सामना खेळतील, जातील."

"आणि तिसऱ्या दिवशी?" बाईंनी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी मैदान आपलं, भिया! अजून काय पाहिजे?"

ते बाईंना भिया म्हणाले, म्हणजे भाऊ, इतक्या जोशात होते.

मी जवळच बूट बांधत होते. अंगातून जाळ निघाला. उसन्या पोरी आणून जिंकलेलं मैदान कुणाचं? रोज येणाऱ्यांचं की दोन दिवस येणाऱ्यांचं? घरी गेले आणि बसून पत्रक लिहिलं. मराठीत आणि हिंदीत. 'आमच्या गोलासमोर आमच्याच गल्लीतल्या मुली उभ्या राहतील. बाहेरून आणलेला बचाव हा बचाव नव्हे.' बाबांनी प्रूफ तपासलं, एका वेलांटीवर थांबले, मग म्हणाले, "शब्द चुकला नाही. म्हणणं बरोबर आहे की नाही ते तू बघ." ते छापलं. गुलाबी कागद. ते मी चौकात उभी राहून वाटलं.

बाईंनी पत्रक वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं.

"छान लिहिलंयस. म्हणजे आता गल्लीतली पहिली मुलगी तूच. उद्यापासून बॅकला उभी राहा."

मला वाटलं गंमत करताहेत. मी संघाची सेंटर फॉरवर्ड. आदल्या वर्षी सात खाल्ले त्या सामन्यात आमची एकमेव संधी मीच घेतली होती आणि तीही बाहेर मारली होती, पण संधी घेतली होती.

"बाई, मी गोल मारते."

"मारतेस, कधीकधी. पण ओरडतेस रोज. पुढे ओरडून काय उपयोग, पुढे सगळ्या पाठमोऱ्या. मागून ओरडलं की सगळ्यांना ऐकू येतं. बॅकला गप्प मुलगी चालत नाही."

संघातल्या मुली खिदळल्या. गोलकीपर म्हणाली, "बाई, कापूस द्या मग मला."

आठ दिवस मी तोंड पाडून खेळले. हे मी कबूल करते कारण पत्रक लिहिणाऱ्यानं आपली बाजू तेवढी छापायची आणि दुसरी कोरी सोडायची, हे मला मान्य नाही. मागून मैदान वेगळंच दिसायचं. कोण दमली आहे, कोण चेंडू दिल्यावर उभी राहते, कोण दुसरीचं काम गुपचूप करते, सगळं दिसायचं. मी तीन वर्षं ज्यांच्याबरोबर खेळले त्यांना पहिल्यांदाच खेळताना बघत होते. नवव्या दिवशी माझं तोंड आपोआप सरळ झालं.

एक जागा अशी भरली. दुसरीसाठी बाई मला घेऊन एका कॉलेजच्या मैदानावर गेल्या. तिथे कबड्डी चालली होती. मला वाटलं, रस्ता चुकल्या.

"डाव्या कोपऱ्यात बघ," बाई म्हणाल्या.

डाव्या कोपऱ्यात एक सडपातळ मुलगी गुडघे वाकवून उभी होती. समोरची चढाई करणारी तिला हुलकावण्या देत होती, हात नाचवत होती, पाय पुढे टाकून मागे घेत होती. कोपऱ्यातली हलली नाही. समोरचीनं खरोखर वजन एका पायावर टाकलं त्या क्षणी हिनं घोटा धरला. बस. एकच हालचाल.

"हिनं हॉकी हातात तरी धरली आहे का?" मी विचारलं.

"स्टिक धरायला महिना लागेल. थांबायला शिकायला वर्षं लागतात. हिला थांबता येतं." बाई तिच्याकडे अशा बघत होत्या की मला मत्सर वाटला. "तुम्ही सगळ्या चेंडूवर झडप घालता. झडप चुकली की मागे कोण? ही झडप घालणार नाही."

ती गंधवानीची निघाली, धार जिल्ह्यातली. देवासला नर्सिंग शिकायला आलेली, एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होती. बाईंनी तिला हिंदीत विचारलं, हॉकी खेळशील का. तिनं बाईंच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "आपके घुटने में पानी है क्या? सूजन है." बाई म्हणाल्या, "आधी हो म्हण, मग गुडघा बघ." आणि मग तेच हिंदीत परत म्हणाल्या.

परत येताना चौकात माझीच गुलाबी पत्रकं गटाराच्या कडेला ओली होऊन चिकटली होती. बाईंनी एक काठीनं उचललं.

"काय लिहिलंयस? आमच्याच गल्लीतल्या. बाहेरून आणलेला बचाव नव्हे." त्यांनी ते वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघितलं. "ही गंधवानीची. तुझ्या पत्रकाप्रमाणे बाहेरची. सांग, परत पाठवू?"

लहानपणापासून प्रत्येक अन्यायावर चार ओळी पाठ असलेली मी माझ्याच दोन ओळी परत वाचत राहिले. आमचं घरच मुळात महाराष्ट्रातून इकडे आलेलं. किती पिढ्या झाल्या म्हणजे माणूस गल्लीतला होतो, हे कुठल्या पत्रकात लिहिलं होतं?

"उसनं कोण ते गावावरून नाही ठरत," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी रोज येते ती आपली. हे लिही पुढच्या वेळी."

आणि ती रोज आली. वॉर्डातली पाळी संपवून, पांढरा गणवेश पिशवीत कोंबून, धावत. पहिल्या आठवड्यात स्टिक तिच्या हातात अशी दिसायची की मैदानाच्या कडेनं जाणारा एक जण ओरडला, "ए छोरी, हॉकी है, कपड़े कूटने की मोगरी नी है!" ती शांतपणे म्हणाली, "भिया, कपड़े ले आओ, वो भी कूट देंगे." त्यानंतर संघात तिला कुणी नवी म्हटलं नाही.

राहिली तिसरी जागा. आम्हाला वाटलं बाई अजून कुणीतरी शोधून आणतील, खोखोतून वगैरे. त्यांनी कुणालाच आणलं नाही. एका संध्याकाळी मधल्या फळीतल्या मुलींना ओळीत उभं केलं आणि प्रत्येकीला दहा पावलं मागे यायला सांगितलं.

"बाई, तिसरी बॅक कुठंय?" गोलकीपरनं विचारलं.

"ही काय." बाईंनी त्या दहा पावलांकडे बोट केलं. "दोन जागांना माणसं मिळाली. तिसरीला चांगलं माणूस नाही, तर वाईट माणूस उभं करायचं नाही. ती जागा सगळ्यांनी थोडीथोडी वाटून घ्यायची. रोज दहा पावलं जास्त पळायची. तक्रार कुणाची?"

कुणाची नव्हती. मला आजही वाटतं, मोडलेला संघ उभा करण्याबद्दल मी जे काही ऐकलंय त्यात याहून शहाणं काही नाही. रिकामी जागा दिसली की आपण घाईनं तिथे कुणालातरी कोंबतो, म्हणजे भोक दिसेनासं होतं. भोक तिथेच असतं.

सराव चांगला चालला. मी मागून ओरडायची आणि हाकाही आमच्या जुन्याच होत्या. गेलेल्या तिघी मराठी घरांतल्या, म्हणून हाका मराठी: धर, सोड, मागे. कुणी पुढे जास्त गेली की मी 'मागे!' म्हणून हाक द्यायची आणि हातानं खूणही करायची. गंधवानीची मुलगी दर वेळी बरोबर मागे यायची. तिला मराठी कळू लागलं आहे, याचं श्रेय मी मनातल्या मनात घेतलं. तिला एकदा आमच्या मंडळाचं पत्रकही वाचायला दिलं, काय तो माझा उत्साह.

स्पर्धेला आम्ही त्या हार्डवेअरवाल्या काकांनी ठरवून दिलेल्या गाडीतून धारला गेलो. मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं तरी ते गाडी द्यायला विसरले नाहीत, एवढंच नाही तर पोह्यांचा डबाही दिला. "ते पत्रक तेवढं मोठ्या अक्षरात काढायला पाहिजे होतं," मला म्हणाले, "चष्म्याशिवाय वाचता नी आलं."

मैदानाभोवती माणसं दाटीवाटीनं उभी होती, ढोल होता, धारच्या मुलींच्या नावानं घोषणा होत्या. बाई आमच्या गोलामागे जाऊन उभ्या राहिल्या. धारचा संघ वेगवान होता. त्यांची डावीकडची फॉरवर्ड तर अशी पळायची की चेंडू तिच्या मागे धापा टाकत येतोय असं वाटायचं.

पहिली वीस मिनिटं आम्ही टिकलो. मग गंधवानीची मुलगी एका चेंडूमागे मैदानाच्या मध्यापर्यंत गेली आणि चेंडू धारकडे गेला. तिच्या पाठीमागे त्यांची ती फॉरवर्ड एकटी धावत होती. मी जीव खाऊन ओरडले, "मागे! मागे!"

ती पुढे धावली.

मी परत ओरडले. ती अजून वेगानं पुढे धावली, अगदी मन लावून, धारच्या बॅकच्या दिशेनं. तिच्या जागी मैदानाचा चांगला मोठा चौकोन उघडा पडला. मी धावले, पोचले नाही. गोल.

मध्यंतराला मी पाण्याची बाटली जमिनीवर आपटली. "तुला मागे म्हटलेलं कळत नाही? दोन महिने झाले! मी इथून बोंबलतेय आणि तू तिकडे!"

ती दमलेली होती, पण घाबरली नाही. "दीदी, तुमने आगे बोला."

"मी मागे म्हटलं!"

"तुमने आगे बोला. दो बार. मैं तो गई ना आगे. मुझे भी लगा कि ग़लत है, पर तुम पीछे से सब देखती हो, तो मैं गई."

बाहेर ढोल वाजतच होता. गोलकीपरनं हळूच म्हणून बघितलं, "मागे. आगे." मग मोठ्यानं. मग ढोलाच्या ठेक्यावर. खरंच, गलक्यात सुरुवातीचा म गिळला जात होता. उरत होतं ते हिंदीतलं आगे, म्हणजे पुढे. देवासच्या मैदानावर माझा हात दिसायचा म्हणून भागत होतं. इथे ती पाठमोरी होती, तिला फक्त माझा आवाज होता. आणि माझा आवाज तिला नेमकं उलटं सांगत होता.

बाबांचं बोट एकेक शब्द दाबत जाताना मला दिसलं. मी चुकीचा शब्द छापला होता आणि वाटलाही होता, मोठ्या अक्षरात. त्याहून लागलं ते तिचं शेवटचं वाक्य. चूक वाटत असूनही ती गेली, कारण तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. आणि मी तिला वाचायला मंडळाचं पत्रक देत होते!

मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "बाद में बोलना. अभी नया शब्द दो."

बाईंना हसू आवरेना. तोंडावर पदर धरून हसत होत्या. "तीस वर्षं मी हीच हाक देतेय. जुन्या पोरी मराठी, म्हणून चाललं. दोष तुझा नाही, माझा आहे." मग तिच्याकडे वळल्या. "तू दे शब्द. ऐकायचं तुला आहे."

तिनं थोडा विचार केला. "घर," ती म्हणाली. "घर बोलो. मैं गोल के पास आ जाऊँगी."

घर. मराठीत घर, हिंदीत घर, माळवीत घर. तिच्या घरच्या बोलीतही, ती म्हणाली, थोडा सूर वेगळा, पण घरच. एक शब्द, तो गिळायला ढोलालाही जमणार नव्हतं. आम्ही कडेला उभ्या राहून चार वेळा म्हणून बघितला. हाका मराठीतच हव्यात असा माझा हट्ट होता, हे मी इथे लिहून ठेवते. तो हट्ट त्या चार वेळांत संपला. आणि मजा म्हणजे शब्द मराठीच राहिला.

मध्यंतरानंतर मी पहिल्यांदा "घर!" म्हणून हाक दिली तेव्हा प्रेक्षकांतून लगेच उत्तर आलं, "हाँ हाँ, घर जाओ! पोहे ठंडे हो रहे हैं!" हशा पिकला. पुढे प्रत्येक हाकेला पोरंटोरं माझ्याबरोबर ओरडू लागली, "घऽर!" त्यांना वाटलं आमची टर उडवताहेत. आमच्यासाठी ती सगळी माणसं फुकटात हाका देत होती.

आमचा गोल झाला तो अकरावीतल्या एका मुलीनं केला. माझ्या जुन्या जागेवर ती खेळत होती. साठ पावलांवरून मी तो पाहिला आणि खोटं बोलणार नाही, एक कळ आली. मग ती वळून सगळ्यांत आधी आमच्याकडे, मागे धावत आली. चेंडू आमच्या दहा पावलांतूनच निघाला होता, हे तिला ठाऊक होतं.

एक एक. चारपाच मिनिटं उरली असतील. त्यांची ती फॉरवर्ड पुन्हा सुटली आणि गंधवानीची मुलगी पुन्हा मैदानाच्या मध्यापाशी, पाठमोरी. मी आणि निम्मं धार एकदमच ओरडलो, "घर!"

तिनं वळून बघितलंही नाही. चेंडूवरची नजर सोडली आणि सरळ गोलाकडे धावली. फॉरवर्ड पोचायच्या आधी ती तिथे होती, गुडघे वाकवून, स्टिक जमिनीला टेकवून. समोरचीनं उजवीकडे हूल दिली. ही हलली नाही. डावीकडे दिली. नाही हलली. स्टिक चेंडूवरून दोनदा नाचवली. माझ्या पायांना झडप घालायची अशी ओढ लागली होती की मी त्या जागी असते तर नक्की घातली असती आणि आज हे दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलं असतं. ती थांबली. शेवटी समोरचीलाच घाई झाली. तिनं चेंडू थोडा लांब ढकलला, तेवढा एक हात. कबड्डीत घोटा धरावा तसा तिनं तो स्टिकनं टिपला आणि कडेला मारून दिला. टाळ्या पडल्या नाहीत. बघणाऱ्यांना वाटलं, काही घडलंच नाही. तेच तर तिनं केलं होतं.

सामना बरोबरीत सुटला. दुसरा सामना आम्ही दोन गोलांनी हरलो आणि परत आलो.

समितीच्या कचेरीत बाईंबरोबर मी गेले. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "जीते तो नहीं ना आप लोग?"

"बाई, पत्र काढा," मी म्हटलं. बाईंनी शिट्टीच्या पिशवीतून चार घड्यांचं पत्र काढलं, मी ते टेबलावर उलगडलं. "यात लिहिलंय, पहिल्या सामन्यात हार झाल्यास. बरोबरी म्हणजे हार नाही. जिंकायचं कुठं लिहिलंय दाखवा." त्यांनी दोनदा वाचलं. शब्द त्यांचेच होते, सहीसुद्धा. एका हंगामासाठी संध्याकाळ आमच्याकडे राहिली. पुढच्या हंगामात अट परत लागेल आणि या वेळी ते शब्द नीट लावतील, हेही त्यांनी सांगितलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "आता पत्रक काढ, पण आधी मैदानाला पाच फेऱ्या."

ते पत्रक म्हणजे हेच.

गंधवानीच्या मुलीचं शिक्षण येत्या काही महिन्यांत संपतंय. ती गावाकडे जाणार, तिथल्या दवाखान्यात काम करणार. जाताना चार जुन्या स्टिक मागितल्यात, बाईंनी सहा काढून ठेवल्यात. तिला थांब म्हणायची माझी हिंमत नाही आणि तसा हक्कही नाही. पण तिची जागा रिकामी होतेय आणि दहा पावलांच्या दोन जागा आम्हाला नाही पेलणार. जागा भरली नाही तर धारला हरू. हरलो तर संध्याकाळ जाईल आणि तीस वर्षं गोलामागे उभं राहिलेल्या बाईंना मग उभं राहायला कुठली जागा?

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, कॉलेजात, बागलीहून रोज बसनं येणाऱ्यांत, कुठेही, एक मुलगी असेल जी घाई करत नाही. समोरचा नाचत असताना जी शांत बघत राहते. तिनं हॉकी पाहिलीही नसली तरी चालेल. ती कुठली, हे आम्ही विचारणार नाही. रोज येशील का, एवढंच विचारू. तिला उद्या साडेपाचला मैदानावर घेऊन या. आणि आलात की कडेच्या खुर्चीवर बसू नका. आमच्या गोलाच्या मागे, बाईंच्या शेजारी, तिची पहिली संध्याकाळ उभे राहा.